राष्ट्रीय छात्रसेना : हवाई विभाग

शाळा व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विमानविद्येची मूलतत्त्वे, वायुसेनेच्या कार्यपद्धतीची ओळख आणि शिस्तबद्ध सामूहिक जीवनाचे शिक्षण देणारा राष्ट्रीय छात्रसेनेचा एक विभाग. भूसेना, नौसेना व हवाई असे छात्रसेनेचे तीन विभाग असून त्यांतील हवाई विभाग आकाराने लहान, परंतु विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत आकर्षक आहे. छात्रसेनेच्या ध्वजावरील तांबडा, गडद निळा व फिकट निळा हे तीन पट्टे अनुक्रमे या तीन विभागांचे निदर्शक होत. छात्राला सैनिकी पद्धतीचे शिक्षण मिळत असले, तरी तो सैनिक नव्हे. केवळ छात्रसेनेतील सदस्यत्वामुळे प्रत्यक्ष लष्करी सेवेचे कोणतेही बंधन त्याच्यावर येत नाही. ही गोष्ट कायद्यातच स्पष्ट केलेली आहे, तथापि ग्रामीण भागात अनेक पालकांचा याविषयी गैरसमज असतो व त्यापायी मुलींची नावे विशेषेकरून मागे राहतात.

पूर्वपीठिका : विद्यार्थ्यांना सैनिकी शिक्षण देण्याची कल्पना भारतात पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. १९१७ मध्ये विद्यापीठांतून विद्यार्थ्यांची पथके उभारण्यात आली. १९२० च्या प्रादेशिक सेनाविषयक कायद्यानंतर त्यांना विद्यापीठ प्रशिक्षण दल असे स्वरूप आले. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांचा तुटवडा जाणवू लागला, तेव्हा या दलाकडून अपेक्षित फळ मिळालेले नाही, हे ध्यानात आले. १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९४८ चा राष्ट्रीय छात्रसेना अधिनियम संमत झाला व त्याच वर्षी जुलैमध्ये छात्रसेनेचे कार्य सुरू झाले. १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला. १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता (आता कोलकाता) येथे प्रत्येकी एक हवाई पथक स्थापन होऊन हवाई विभागाचा आरंभ झाला. नौसेना विभाग त्यानंतर, म्हणजे १९५२ मध्ये आला.

पहिल्या दोन पथकांपैकी एक मुंबईस मिळाले, यामागे परंपरा होती. जुहू येथील विमानतळ व मुंबई उड्डाण मंडळ (बाँबे फ्लाइंग क्लब) ही दोन्ही १९२८ पासूनची. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना १९२९ मध्ये मुंबईतच मिळाला. इंग्लंड व भारत यांमधील एकट्याने करावयाच्या उड्डाणासाठी आगाखानांनी ठेवलेले बक्षीस १९३० मध्ये ॲस्पी इंजिनियर या अवघ्या सतरा-अठरा वर्षांच्या तरुणाने जिंकले. तेच पुढे भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले (१९६०–६४). मात्र या काळात विमान चालविण्यास शिकणे हा सधन घरांतील हौसेचा विषय होता. इंधन, विमान व शिक्षक या तिन्हींचा खर्च शिकणाऱ्यास सोसावा लागे. हवाई छात्रपथकांनी हा खर्च शासनाकडे घेतला आणि सामान्य घरातील मुलाला विमानात बसण्याची वाट प्रथमच मोकळी झाली. विभागाच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणावी लागेल.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची करण्यात आली (१९६३). त्यामुळे छात्रांची संख्या एकदम फुगली, परंतु शिक्षक, शस्त्रे व गणवेश यांचा पुरवठा त्या मानाने झाला नाही. अनिच्छेने येणाऱ्यांची गर्दी हे शिक्षणाला पोषक नसते, हा अनुभव घेऊन १९६८ मध्ये छात्रसेना पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. हवाई विभागाला सक्तीची झळ फारशी लागली नाही. विमाने व प्रशिक्षक मोजकेच असल्याने तेथे संख्या वाढविणे शक्यच नव्हते.

परदेशांतील संघटना : तरुणांना विमानविद्येकडे वळविणाऱ्या संघटना बहुतेक युद्धाच्या छायेत जन्मास आल्या. व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मनीस लष्करी विमानदल ठेवण्याची मनाई केली, तेव्हा तेथील तरुण इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरांकडे वळले व ती विद्या तेथे विलक्षण वाढली. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९४१ मध्ये एअर ट्रेनिंग कोअर स्थापन झाली. कॅनडातील हवाई छात्रसंघटना त्याच वर्षीची. अमेरिकेतील सिव्हिल एअर पेट्रोल ही संस्था डिसेंबर १९४१ मध्ये निघाली व लवकरच तिला छात्रशाखा जोडली गेली. या संघटना व भारतीय हवाई विभाग यांत एक मूलभूत फरक आहे. ब्रिटनमधील पथक गावाचे वा नगराचे असते. त्या परिसरातील कोणत्याही शाळेतील मुलाला त्यात नाव घालता येते. भारतीय पथक शिक्षणसंस्थेशी निगडित असते. ज्या शाळेला वा महाविद्यालयाला हवाई विभागाची तुकडी मंजूर झालेली आहे, तेथील विद्यार्थ्यालाच सामान्यतः प्रवेश मिळतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या फरकाचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

संघटन : छात्रसेना केंद्रीय संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असून तिचा खर्च केंद्र व राज्य शासने विभागून करतात. दिल्ली येथे महासंचालनालय व त्याखाली राज्यवार संचालनालये आहेत. महाराष्ट्राचे संचालनालय मुंबईस आहे. राज्यात मुंबई, नागपूर व पुणे येथे अनुक्रमे पहिले, दुसरे व तिसरे महाराष्ट्र हवाई पथक आहे. पथकाचा प्रमुख वायुसेनेतील अधिकारी असतो. शाळा-महाविद्यालयांत तुकडीची प्रत्यक्ष जबाबदारी तेथीलच एका शिक्षकाकडे असते. त्यास विशेष प्रशिक्षण देऊन छात्रसेनेचा सहयोगी अधिकारी नेमले जाते. तुकडी चांगली की नावापुरती, हे पुष्कळदा या एका शिक्षकावर अवलंबून राहते.

शालेय छात्रांची गणना कनिष्ठ शाखेत व महाविद्यालयीन छात्रांची ज्येष्ठ शाखेत होते. कनिष्ठ शाखेसाठी वयोमर्यादा १२ ते १८½ वर्षे असून ज्येष्ठ शाखेत २६ वर्षांपर्यंत राहता येते. कनिष्ठ शाखेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्याअखेर ‘अ’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. ज्येष्ठ शाखेत दुसऱ्या वर्षानंतर ‘ब’ व तिसऱ्या वर्षानंतर ‘क’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. तिन्हींसाठी कवायतीच्या तासांना किमान ७५ टक्के उपस्थिती व विहित शिबिरे आवश्यक असतात.

प्रवेश : शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, सामान्यतः जून ते ऑगस्टच्या दरम्यान, संस्थेतील रिकाम्या जागा जाहीर होतात. इच्छुक विद्यार्थ्याने नावनोंदणीचा अर्ज भरून त्यावर पालकांची संमती घ्यावयाची असते. नंतर उंची, वजन, दृष्टी व सर्वसाधारण प्रकृती यांची तपासणी, धावण्याची व इतर शारीरिक क्षमतेची चाचणी, सामान्यज्ञानाची लहानशी लेखी परीक्षा आणि तोंडी प्रश्नोत्तरे होतात. जागा थोड्या व इच्छुक अनेक, अशी हवाई तुकड्यांची नेहमीची स्थिती असल्याने निवड काटेकोर होते. चष्मा असणाऱ्यास छात्र म्हणून प्रवेश नाकारला जात नाही. दृष्टीचे कडक निकष वायुसेनेत वैमानिक म्हणून जावयाचे असेल तेव्हाच लागू होतात. हा भेद माहीत नसल्याने अनेक मुले अर्जच करीत नाहीत.

शिक्षण : अभ्यासक्रमाचा मोठा भाग तिन्ही विभागांना समान असतो. कवायत, ०·२२ रायफलचा सराव, नकाशावाचन, प्रथमोपचार, नागरी संरक्षण, समाजसेवा हे विषय सर्वांना शिकावे लागतात. पहिल्या काही महिन्यांत हवाई छात्र विमानाऐवजी कवायतीचे मैदानच अधिक पाहतो व त्याचा थोडा हिरमोडही होतो.

हवाई विभागाच्या खास विषयांत उड्डाणाची तत्त्वे, विमानाची रचना, इंजिने, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र व विमानतळावरील नियम यांचा समावेश होतो. विमानावर वजन, उत्थापन, प्रणोद व ओढ अशी चार बले कार्य करतात. पंखाचा आकार व त्याचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन यांमुळे पंखाच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी व खालच्या बाजूस अधिक राहतो आणि उत्थापन निर्माण होते. हा कोन वाढवीत नेला, तर उत्थापनही काही मर्यादेपर्यंत वाढते. मर्यादा ओलांडली की पंखावरील प्रवाह विसकटून उत्थापन एकाएकी ढासळते. विमान कोसळण्याचे हे कारण समजावून सांगताना शिक्षक बहुधा पतंगाचे उदाहरण देतात. दोर ढिला सोडलेला पतंग कसा लटपटतो, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते.

पुस्तकातील तत्त्वे हातात येतात ती विमानप्रतिकृतींच्या कामात. बाल्सा या अत्यंत हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पातळ कागद, डिंक व धारदार पाते एवढ्या साहित्यावर प्रारंभ होतो. केवळ हाताने फेकून तरंगणारी प्रतिकृती, दोन तारांच्या साहाय्याने वर्तुळात फिरविली जाणारी इंजिनयुक्त प्रतिकृती आणि रेडिओसंदेशांनी नियंत्रित होणारी प्रतिकृती अशा तिच्या चढत्या पायऱ्या आहेत. तारांच्या प्रकारात छात्र मध्यभागी उभा राहून स्वतःभोवती फिरत असतो. मनगटाच्या किंचित हालचालीने विमान वर किंवा खाली जाते. पहिल्याच फेरीत विमान जमिनीवर आपटून रात्रींचे श्रम वाया जाणे हा या विद्येतील सार्वत्रिक अनुभव आहे. अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात या कौशल्याच्या स्पर्धा होतात. राज्यातील पथकांतून निवडलेले छात्रच तेथे जाऊ शकतात.

प्रत्यक्ष उड्डाण : आरंभीच्या काळात ग्लायडर हे शिक्षणाचे महत्त्वाचे साधन होते. जमिनीवरील चक्रयंत्र (विंच) लांब तार वेगाने गुंडाळू लागले की तिच्या टोकास अडकविलेले ग्लायडर पतंगासारखे चढते. पुरेशी उंची गाठल्यावर तार सोडून ते एक फेरी मारून उतरते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणारा हवेचा झोत सापडला, तर ते कितीतरी वेळ वर राहू शकते. दख्खनच्या पठारावरील उन्हाळा या दृष्टीने अनुकूल असून पुण्याजवळ हडपसर येथे ग्लायडिंगचे शासकीय केंद्र आहे.

पुढे सूक्ष्मभारी (मायक्रोलाइट) विमानांचा वापर सुरू झाला. झेन एअर सीएच-७०१ या जातीची विमाने छात्रसेनेत अनेक वर्षे होती. त्यांच्या जागी स्लोव्हेनिया देशातील पिपिस्ट्रेल कंपनीची ‘व्हायरस एसडब्ल्यू ८०’ ही विमाने आली. वायुसेना, नौसेना व छात्रसेना यांच्यासाठी अशा १९४ विमानांचा करार २०१५ मध्ये झाला व त्यांतील सर्वांत मोठा वाटा छात्रसेनेचा होता. सु. ८० अश्वशक्तीचे इंजिन व शेजारी-शेजारी दोन आसने असलेल्या या विमानास ‘गरुड’ असे नाव देण्यात आले. छात्र प्रशिक्षकाच्या शेजारी बसतो. नियंत्रणदांडा व पायांखालील पट्ट्या दोघांसमोर असल्याने योग्य क्षणी प्रशिक्षक ती छात्राच्या स्वाधीन करू शकतो. उड्डाणे बहुधा सकाळी होतात. दुपारी हवेतील झोतांमुळे ग्लायडरला जो लाभ होतो, तोच या हलक्या विमानाला गचके देणारा ठरतो. पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे उड्डाण बंद राहते. एका छात्राच्या वाट्यास येणारा एकूण काळ त्यामुळे मर्यादितच असतो. छात्रसेनेतून वैमानिक ‘तयार’ होत नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास भारतात २०० तासांचे उड्डाण लागते, हे ध्यानी घेतल्यास दोन्हींतील अंतर लक्षात येईल. छात्रसेना फार तर कल व धैर्य यांची पारख करून देते.

ग्रामीण भाग व प्रवेशाचा प्रश्न : हवाई पथके विमानतळाजवळच असावी लागतात. म्हणून त्यांच्या तुकड्या मोठ्या शहरांतील संस्थांत एकवटल्या आहेत. ग्रामीण महाविद्यालयांत छात्रसेना असली, तर ती बहुतेक भूसेना विभागाची असते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेळगावचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इंदापूर तालुक्यातील हे गाव बारामती-इंदापूर मार्गावर, अवर्षणप्रवण पट्ट्यात वसलेले आहे. कालव्याचे पाणी जेथे पोहोचते तेथे ऊस, एरवी ज्वारी व फळबागा, असे येथील शेतीचे चित्र आहे. पुण्यातील हवाई पथक येथून शंभर किमी.हून अधिक दूर आहे. गावातील माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाला वा मुलीला, कितीही इच्छा असली, तरी रोज अथवा दर आठवड्यास कवायतीसाठी तेथे जाणे शक्य नाही आणि तेथील संस्थेचा विद्यार्थी नसल्याने त्याचा अर्जही स्वीकारला जाणार नाही.

वास्तविक विमान या परिसराला अपरिचित नाही. बारामती येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेली धावपट्टी असून तेथे खाजगी संस्था वैमानिकांना शिक्षण देतात. त्यांची लहान विमाने इंदापूर तालुक्यावरून नित्य घिरट्या घालताना दिसतात. जुलै २०२२ मध्ये यांपैकी एक शिकाऊ विमान याच तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले होते. सुदैवाने ते चालविणाऱ्या प्रशिक्षणार्थी तरुणीस किरकोळ दुखापतीवर निभावले. परंतु या संस्थांतील शिक्षणाचा खर्च लाखो रुपयांत असतो व तो सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. डोक्यावर विमान आणि हाती अर्ज नाही, अशी येथील मुलांची अवस्था आहे.

या तालुक्याचा भारतीय विमाननिर्मितीशी असलेला संबंध तर आणखी जुना आहे. कळंब येथे साखर कारखाना उभारून ज्यांनी वालचंदनगर वसविले, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगलोर (आता बंगळुरू) येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. तिचे पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये रूपांतर झाले (१९६४). कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) यांनी तेथेच ‘एचटी-२’ या शिकाऊ विमानाचा आराखडा केला व ते १९५१ मध्ये उडाले. उड्डाण मंडळांसाठी बनविलेले ‘पुष्पक’ हे विमानही त्यांच्याच काळातील (१९५८). खेड्यात जन्मलेल्या घाटग्यांनी जर्मनीत जाऊन लुटव्हिख प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिकीचे अध्ययन केले होते.

शेळगावसारख्या गावातील विद्यार्थ्याला उपलब्ध असलेले मार्ग थोडे असले, तरी आहेत. पहिला मार्ग सैनिकी शाळेचा. सातारा येथील सैनिक शाळा (१९६१) ही देशातील पहिली असून तेथे सहावी व नववीत प्रवेशपरीक्षेने प्रवेश मिळतो. २०२१ पासून सैनिक शाळांत मुलींनाही घेतले जाते. दुसरा मार्ग महाविद्यालयाच्या निवडीचा. बारावीनंतर पुण्यास शिकावयास जाणाऱ्याने प्रवेशापूर्वीच त्या महाविद्यालयात हवाई तुकडी आहे की नाही, याची चौकशी करावी लागते. प्रवेश झाल्यावर चौकशी करणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. तिसरा मार्ग संस्थाचालकांच्या हाती आहे. ज्या संस्थांना शासकीय खर्चाने तुकडी मिळत नाही, त्यांना स्वतःच्या खर्चाने ती उभारण्याची योजना छात्रसेनेने आखली आहे, पण ग्रामीण शाळांच्या आर्थिक स्थितीत ती पेलणे सोपे नाही.

वायुसेनेतील संधी : ज्येष्ठ शाखेतील हवाई विभागाचे ‘क’ प्रमाणपत्र मिळविणाऱ्या पदवीधरास वायुसेनेत अधिकारी म्हणून विशेष प्रवेशाची सवलत आहे. उड्डाण शाखेतील १० टक्के जागा अशा छात्रांसाठी राखलेल्या असतात व त्यांना लेखी स्पर्धापरीक्षा द्यावी लागत नाही. मात्र निवड मंडळापुढील कित्येक दिवसांच्या चाचण्या व वैद्यकीय तपासणी यांतून त्यांचीही सुटका नाही. वैमानिकाची अभियोग्यता चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेल्यास उड्डाण शाखेचे दार कायमचे बंद होते.

येथे एका अटीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. उड्डाण शाखेसाठी बारावीस भौतिकी व गणित हे दोन्ही विषय असणे आवश्यक असते. पदवी कोणत्या शाखेची आहे, याला त्यामानाने कमी महत्त्व आहे. म्हणजे निर्णय प्रत्यक्षात अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी होऊन जातो. जवळ विज्ञान शाखा नाही म्हणून कला शाखेकडे वळलेला ग्रामीण विद्यार्थी पुढे ‘क’ प्रमाणपत्र मिळवूनही विमानाच्या आसनावर बसू शकत नाही. त्याला जमिनीवरील काही शाखाच खुल्या राहतात.

बारावीनंतर थेट जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी हा मार्ग असून त्यास छात्रसेनेचे प्रमाणपत्र लागत नाही. या परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर निवडलेल्या मुलांना तेथे दोन वर्षे ठेवून घेतले जाते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नासिक येथे सुरू झाली. वायुसेनेने स्त्रियांना वाहतूक विमाने व हेलिकॉप्टरे चालविण्यास १९९४ पासून, तर लढाऊ विमानांवर २०१६ पासून घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळू लागला आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.